बैठकीला निघालेली जीप

अर्जुनरावांनी काल दिवसभर अंगणात स्वतःच जीप खोलून जोडली होती आणि आज सेल्फ मारला की ती नुसती टकटक करत होती. अकराला दूध संघाच्या बैठकीत जनावरांची छावणी आपल्या गावाला की चेअरमनच्या, हे ठरायचं होतं. संचालक अर्जुनरावांच्या एका मतावर पारडं फिरणार होतं. प्लग पुसून झाले, बॅटरीच्या वायरी आवळून झाल्या. मग उपाशी जनावरं दावणीला सोडून सगळी आळी धक्का मारायला आली.

"मेस्त्रीला दावायची सोडून घरी कशापायी खोलली, मालक?" म्हाळूनं धापा टाकत विचारलं.

"तू ढकल बे!"

जीप दोनदा वेशीपर्यंत जाऊन आली.

"आता क्लच सोडा, धरंल ती!"

"सोडला की रं! घेतच न्हाई."

बारा वाजले तशी माणसं रस्त्यातच बसली. "जाऊ द्या मालक, तुमी तरी किती करसाल," म्हाळूनंच समजूत घातली.

अर्जुनराव खाली मान घालून जीपमध्येच बसून राहिले. थोरल्या पोराला संघात नोकरीला चिकटवताना चेअरमननं फक्त छावणीच्या बैठकीला गैरहजर राहायला सांगितलं होतं. एवढा वेळ क्लच दाबून धरलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे लगेच उतरताही येईना.