थकव्याचा वाटा

साल्हेरपासून महिनाभर डोंगरधारेने चालायचे, म्हणून मृणालने मुक्काम, पाणी, शिधा सगळे नीट आखले होते. दोघी बहिणींच्या मनगटांवरचे थकवा वाटून घेणारे पट्टेही तिनेच जुळवले होते. वाटा निम्मानिम्मा, असे तिने केतकीला सांगितले. पण स्वतःचा बराचसा थकवा गुपचूप धाकटीवर ढकलला. ती तरुण आहे, तिला कळायचेही नाही, असे तिला वाटले होते.

एका खिंडीत केतकी मटकन खाली बसली.

"ताई, मी कमी पडले गं," ती रडवेली होऊन म्हणाली. "तू एवढी ताजीतवानी, आणि माझं हे असं. मी खाली गावात उतरते. तू जा पुढे."

मृणालला तिच्याकडे बघवेना. तिने पट्ट्याची कळ फिरवून आपला सगळा थकवा परत घेतला. पोटऱ्यांत गोळे आले आणि ती कातळावर कोसळली.

केतकीच्या अंगात एकदम हुशारी आली. तिने बहिणीच्या मनगटाकडे पाहिले आणि तिला सारे उमजले. खाली वाकून तिने मृणालच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि तिचे पाय चेपू लागली.

"नको गं," मृणाल पुटपुटली. पण पाय मागे घेण्याइतकेही त्राण तिच्यात उरले नव्हते.