गिटारची लेव्हल

खोलीत एक टेपरेकॉर्डर होता, एक माइक, एक कोरी कॅसेट आणि सहा तारांची एक हवाइयन गिटार. दाराला एक गोधडी लावलेली, दोन खिडक्यांना दोन चादरी. पंखा बंद. माइक गिटारपासून एक वीत अंतरावर, चार पुस्तकांच्या चवडीवर ठेवला होता. माणसं दोन: गिटार मांडीवर आडवी घेऊन बसलेला रूपराव आणि टेपरेकॉर्डरसमोर वही उघडून बसलेली त्याची धाकटी बहीण नलू. दुपारचे पावणेतीन झाले होते.

नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राला गिटारवाला हवा होता. त्यांनी पाच मिनिटांची कॅसेट मागवली होती. ती संध्याकाळी सहाच्या पॅसेंजरनं जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची होती. रूपराव अकरा वर्षं वर्ध्यातल्या लग्नांत आणि गणपतीत वाजवत होता. बाहेरून बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं.

टेपरेकॉर्डरवर आवाज दाखवणारा काटा होता. तो शून्याच्या पुढं गेला तर आवाज फाटतो, फार मागं राहिला तर टेपमध्ये खरखरच जास्त भरते. नलू बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं भावाला एकच तार, एकाच जोरानं, दहा वेळा छेडायला सांगितली.

शून्य, शून्य, शून्य, वजा दहा, शून्य, वजा बारा, वजा बारा, शून्य, वजा दहा, शून्य.

"भाऊ, मधातच हळू काऊन वाजवून राह्यला?"

"सारखंच वाजवून राह्यलो. तुही मशीनच डुलक्या घेऊन राह्यली. प्रॅक्टिकलले मार्क कोन देते वं तुले?"

आतून आईनं, कौशल्याबाईनं, आवाज दिला. "मी स्टो पेटवू का नाई? का चायही तुमच्या काट्याले विचारून मांडू?"

"थांबजो आई, पाच मिनिटं."

नलूनं माइकची पिन काढून पुसली आणि परत घातली. दहा वेळा. काटा चारदा पडला. वायर बदलली. दहा वेळा. पाचदा पडला. घरातली लाइट कमीजास्त होत असेल म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर लावला. पुन्हा चारदा. ती प्रत्येक आकडा लिहीत होती.

"आण, मी वाजवते."

तिनं गिटार मांडीवर घेतली, रूपरावच्या अंगठ्यातली नखी आपल्या अंगठ्यात चढवली आणि तीच तार छेडली. दहा वेळा. काटा दहाही वेळा शून्यावर आला.

गिटार परत रूपरावकडे गेली. या वेळी नलूनं काट्याकडे पाहिलं नाही, त्याच्या हाताकडे पाहिलं. तिसऱ्या छेडीनंतर त्याच्या उजव्या तळव्याची करंगळीकडची कड सावकाश खाली आली आणि तारांवर विसावली. चौथ्यांदा आवाज दबका निघाला.

"भाऊ, हात टेकला तुहा."

"नाई. वरच हाय."

"टेकला हाय. खाली पाह्य."

रूपरावनं खाली पाहिलं. त्यानं हात उचलून उलटा केला. कडेवर तारांचे तीन वळ उमटले होते. करंगळीच्या बुडाशी एक फोड होता, फुटून वाळत आलेला.

"हे कायचं?" नलूनं विचारलं.

"स्टोचं असन."

"कवा भाजलं?"

"काय मालूम."

नलू उठली. देवाच्या फळीवर वातींसाठी ठेवलेला कापूस होता. त्यातला चिमूटभर काढून तिनं त्याला बोटांनी टोक आणलं. रूपराव ते पाहत होता. दोघांनाही हे नवीन नव्हतं. शाळेत दरवर्षी कुष्ठरोगाच्या तपासणीवाले यायचे. पोरांना रांगेत उभं करून डोळे मिटायला लावायचे आणि कापसाचं टोक अंगाला लावायचे. जिथं लागलं तिथं बोट ठेवायचं. ज्याचं बोट आलं नाही, त्याचं नाव वेगळ्या कागदावर जायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावर कुणी बसायचं नाही.

"सहाची गाडी हाय, नले."

"माईत हाय."

"मंग आधी टेप करून घेऊ. मी हात वर धरून वाजवतो. तू नुसती पाहत राय. टेकला का सांग."

"सांगीन. आधी डोये मिट."

"बनियनही काढू का?" रूपराव म्हणाला. शाळेत काढावं लागायचं. तो हसला नाही, नलूही हसली नाही.

त्यानं गिटार बाजूला ठेवली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि डोळे मिटले.

"भरली का रे कॅसेट?" आईनं आतून विचारलं. जरा वेळानं स्टोला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.

नलूनं वहीत काट्याच्या आकड्यांखाली एक रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिलं.

डावा हात: दहा वेळा कापूस, दहा वेळा बोट.

उजवा हात, अंगठ्याकडची बाजू: दहा वेळा कापूस, दहा वेळा बोट.

उजवा हात, करंगळीकडची कड: दहा वेळा कापूस. बोट दोनदा. त्यातल्या एका वेळी कापूस टेकवला नव्हता.