थाळीशिवाय

हमरस्ता ओलांडताना गावातली माणसं स्टीलची थाळी डोक्यावर धरून जोरजोरात हलवत पळायची. विनाचालक ट्रकांचे रडार फक्त लांबचं आणि वेगाचं टिपायचे. जोरात हलणारं स्टील त्यांना दिसायचं; सावकाश चालणारा माणूस त्यांच्या लेखी दगडच.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुमनताईंना पळता येईना. त्यांची मुलगी हेमांगी ट्रक कंपनीत याच रडारांची जुळवणी करायची. तिने गावाजवळ रडारचा पल्ला निम्मा केला आणि वाचलेली सगळी ताकद मंद हालचाल टिपायला लावली. अगदी श्वासाने हलणारी छातीसुद्धा.

"पल्ला कमी केलास तर ट्रक हळू चालवावे लागतील!" साहेब फोनवर ओरडले.

"मग चालवा हळू. मी पल्ला परत वाढवणार नाही."

सकाळी ती आईचा हात धरून रस्त्यावर उतरली.

"अगं, थाळी राहिली घरी!"

"राहू दे."

ट्रक दुरूनच मंदावले आणि थांबले. रस्त्याच्या मधोमध सुमनताईही थांबल्या.

"आई, चल ना."

"थांब जरा." त्यांनी पदर सावरला आणि ट्रकांकडे तोंड केलं. "इतकी वर्षं यांच्यापुढून पळत आले. आज घटकाभर उभी राहते."