दोन्ही बूट

मॅसॅच्युसेट्सच्या खेड्यापाड्यांतून घोडागाडी घेऊन हिंडणाऱ्या असाहेल चित्रकाराला बहुतेक बोलावणी लेकरू गेल्यावरच यायची. जिवंतपणी चित्र काढून घ्यायला सवड कुणाला असते! तो मेलेलं मूलही हसरं, गुबगुबीत काढायचा. फक्त तिथल्या रिवाजाप्रमाणे एक बूट पायातून निसटलेला दाखवायचा, म्हणजे बघणारा काय ते समजायचा.

व्हिटकमबाईंच्या भिंतीवर त्यांच्या धाकट्या मुलाचं असंच चित्र होतं. या हिवाळ्यात सात वर्षांच्या पर्सिसचाही खोकला थांबेना, तेव्हा बाईंनी असाहेलला बोलावलं आणि दारातच बजावलं, "हे बघा, माझी पोर बरी होणार आहे. दोन्ही बूट पायात दिसले पाहिजेत!"

"दिसतील, बाई. शब्द देतो."

चार दिवस पर्सिस उशांना टेकून बसली, खोकली, भिंतीवरच्या भावाकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी चित्रात फक्त बूट रंगवायचे राहिले होते. आई दूध तापवायला आत गेली, तशी पोरीनं धापा टाकत वाकून एका बुटाची नाडी सोडली.

"अगं, हे काय? बांध बघू ती नाडी. तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

पर्सिसनं बूट काढून, आवाज न करता, जमिनीवर आडवा ठेवला.



"असाच काढा, काका. म्हणजे आईला तुम्हाला परत बोलवावं लागणार नाही."