वैशाखातले बांगडे

"बांगड्यांचा थवा आहे, साहेब," हिराजीने हेडफोन न काढताच सांगितले.

जहाजाने पाण्यात सोडलेला आवाज पाणबुडीवर आपटून परत आला की मासळीवर, हे ओळखणे त्याचे काम होते. हर्णैच्या कोळ्याचा हा मुलगा दोन वर्षांच्या युद्धात एकदाही चुकला नव्हता. म्हणून या रक्षक जहाजाने सोबत केलेले एकही जहाज आजवर बुडाले नव्हते. साहेबांनी निश्चिंत होऊन धोक्याची घंटा थांबवली. मागून सहा मालवाहू जहाजे येत होती. तिसऱ्यावर हिराजीचा थोरला भाऊ बॉयलरमध्ये कोळसा टाकत होता.

चहा घेऊन आलेले आचारी हसनचाचा म्हणाले, "काय रे हिऱ्या, तुला रोज मासळी सापडते आणि आमच्या ताटात डाळच! पण वैशाखात कुठले रे बांगडे? बापानं ऐकलं तर कान उपटील तुझे."

हिराजी हसला, आणि हसता हसता थांबला. बांगडा वैशाखात या पाण्यात येत नाही, हे बाबांनी त्याला पोहायला शिकवण्याआधीच शिकवले होते. तीन महिने समुद्रावर राहून तो महिनाच विसरला होता.

त्याने हेडफोन घट्ट दाबून धरले. मासळी असती तर जहाजाच्या धडधडीने पांगली असती. हा आवाज एकसंध होता, आणि जहाजाला वळसा घालून मागे सरकत होता.

"साहेब, पाणबुडी!"

घंटा पुन्हा वाजू लागली. ती मागच्या जहाजांवर ऐकू जात नव्हती. तिसऱ्या जहाजाचा धूर संथपणे वर चढत होता. खाली भाऊ कोळसा टाकतच होता.