आजाचा नगारा, नातीची ढोलकी

सर्जनबाईंनी खाटकाच्या उजव्या बरगडीखाली बोटं वाजवली.

“इथवर बद्द वाजायला नको, आजोबा. गाठ मोठी आहे. कॅन्सरच असेल असं नाही, पण मनाची तयारी ठेवा. उद्या पोट उघडू.”

“जन्मभर दुसऱ्यांची पोटं उघडली,” खाटीक म्हणाला. “आता माझी पाळी.”

बायको हसली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायला निघताना नात दारात आडवी आली. आईबाप परगावी कामाला. ही आजीआजोबांच्या मांडीवर वाढलेली. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं टम्म. झगा वर करून तिने ते पुढे काढलं. त्याने एका हाताने आपलं, दुसऱ्याने तिचं पोट वाजवलं.

“आजाचा नगारा, नातीची ढोलकी,
एका कातड्याची, दोन्हीही बोलकी!”

“सगळी तुमच्यावर गेलीय,” बायको म्हणाली आणि तोंड फिरवून तिने पिशवी उचलली.

काळी कुत्री नातीचा गाल चाटत होती. पाण्याचे फोड आलेली कलेजी गिऱ्हाईक घेत नाही. दुकानातली तसली सगळी कलेजी काळीच्या वाट्याची. आता तिचेही लाड संपलेच, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी त्याला शुद्ध आली तेव्हा सर्जनबाई हसत उशाशी उभ्या होत्या.

“कॅन्सर नाही, आजोबा! पाण्याची गाठ होती, अख्खी काढली. कुत्र्याच्या पोटात जंत असतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून, हातावरून आपल्या पोटात जातात. मग अशा गाठी वर्षानुवर्षं गुपचूप वाढतात. तुमच्या कुत्रीला कच्ची कलेजी घालता का?”

“रोज.”

“बंद करा. तिच्यात जंत येतात ते त्यातूनच.”

बायको भिंतीला टेकून रडली, मग रडता रडता हसायला लागली. “आणि मी मेली तुमच्या मागे कसं जगायचं ते ठरवत बसले होते!”

तेवढ्यात शेजारीण नातीला घेऊन आली. पोर पलंगावर चढली. “आबा, तुमचा नगारा फाटला?”

“फाटला, शिवला. आता ढोलकीनेच भागवू.”

तिने झगा वर केला. त्याचा हात जेमतेम पोचला, तोही तिच्या उजव्या बरगडीखाली. त्याने बोटं वाजवली.

बद्द.

तो थांबला. पुन्हा वाजवलं.

“पोटभर जेवून आलीस ना गं?”

“नाही आबा. मी उपाशीच आहे.”