उद्याची बाजू

“उद्या बाजू बदलायची हं!” कॅन्टीनमधल्या मुलांचा वाद ऐकताना हेमांगी मॅडमचा चहा निवून गेला.

याच कॉलेजात राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकताना तिचा नि तिचा वर्गमित्र श्रीरंगचाही हाच नियम होता: आज जो बाजूने, तो उद्या विरोधात. शेवटच्या पेपरनंतर याच टेबलावर तो म्हणाला, “आजचा विषय: आपण लग्न करावं.”

विरोधाची पाळी तिची. नियम म्हणजे नियम. हसू दाबत तिने स्वातंत्र्यापासून कर्तव्यापर्यंत सगळे मुद्दे मांडले. “पटलं,” म्हणत तो उठला.

दुसऱ्या दिवशी ती लग्नाच्या बाजूचे सतरा मुद्दे लिहून आली. तो पहाटेच्याच गाडीने गावी गेला होता.

तेवीस वर्षं झाली. सतराच्या सतरा मुद्दे अजून पाठ आहेत.